भुंग्यांची नावे लिहिणारे प्राध्यापक : योहान क्रिस्तियान फाब्रिसियुस

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात चिकोडी परिसरात जोरदार पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी मराठीचा तास सुरू होण्यापूर्वी नववीतील एका विद्यार्थ्याने आमच्या मेजावर एक काडेपेटी आणून ठेवली. पेटीतून खरखर आवाज येत होता. उघडून पाहिली तो आत तीन भुंगे! एक तांबूस तपकिरी, कडुनिंबाची फांदी हलवून पाडलेला. दुसरा त्याहून थोराड, अंगावर बारीक फिकट खवले असलेला, नदीकाठच्या उसात तिन्हीसांजेला धरलेला. तिसरा लहान व काळा, शेणाखाली सापडलेला. मुलाचा प्रश्न सरळ होता. पहिल्या दोघांनाही घरी हुमणीचेच भुंगे म्हणतात. मग वडिलांनी दूधगंगेकाठच्या मळ्यालगतचे कडुनिंब चार संध्याकाळी झोडपूनही मूठभर भुंगे हाती लागले नाहीत, आणि माळावरच्या चुलत्यांना मात्र एका रात्रीत बादलीभर सापडले, हे कसे?

आम्ही कला शाखेचे पदवीधर. कीटकांचा व आमचा संबंध आजवर दिव्याभोवती जमणाऱ्या पाकोळ्यांपुरताच. परंतु ज्याच्या घरचा ऊस पिवळा पडत आहे, त्या मुलास माहीत नाही असे सांगून वाटेस लावणे आम्हांस बरे वाटले नाही. शेतकी विषयातील एका परिचित गृहस्थांस विचारले, तेव्हा उलगडा झाला तो असा. हुमणी ही एक नव्हे. तिच्या अनेक जाती आहेत, आणि आपल्या भागातील उसास दोन जाती विशेष पीडा देतात. एका जातीचे भुंगे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेस जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर पाला खाण्यासाठी गोळा होतात. त्यांना फांद्या हलवून पाडावे व रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावे. दुसरी जात मुख्यतः कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा यांच्या काठच्या जमिनीतील. तिचे भुंगे झाडावर चरावयास जमतच नाहीत. अंधार पडताना थोडा वेळ उडून, जोडी जमवून ते पुन्हा मातीत शिरतात. तेव्हा नदीकाठी कडुनिंब झोडपणे म्हणजे ज्या घरी चोर आलाच नाही तेथे पहारा देणे झाले.

पहिल्या जातीचे शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा आणि दुसरीचे ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. दुसरे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्लांशार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. पहिल्या नावापुढे मात्र कंसात एक आडनाव छापलेले असते : फाब्रिसियुस. प्राणिशास्त्रात असा संकेत आहे की, ज्याने जातीस प्रथम नाव दिले त्याचे नाव पुढे लिहावे. आणि ती जात नंतर दुसऱ्या वंशात हलविली गेली असेल तर ते नाव कंसात लिहावे. हा कोण फाब्रिसियुस, आणि आमच्या बांधावरच्या भुंग्याशी त्याचा काय संबंध, हे शोधता शोधता जे चरित्र आम्हांस सापडले ते आमच्या वाचकांस सांगावे म्हणून हा लेख.

योहान क्रिस्तियान फाब्रिसियुस यांचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी श्लेस्विग प्रांतातील टोंडर या गावी झाला. वडील वैद्यकी करीत. हा प्रांत त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या सत्तेखाली होता, पण तेथे डॅनिश व जर्मन अशा दोन्ही भाषा नांदत होत्या. आमच्या निपाणी-चिकोडीकडच्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. सकाळी घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. आणि ज्याच्या घरी कोकणी बोलतात अशा आमच्यासारख्यास तर चौथीचाही सराव असतो. टोंडर पुढे १८६४ मध्ये प्रशियाकडे गेले आणि १९२० मधील सार्वमतानंतर पुन्हा डेन्मार्ककडे आले. फाब्रिसियुस यांनी आपले बहुतेक आयुष्य ज्या कील शहरी काढले ते आज जर्मनीत आहे. त्यामुळे ते डॅनिश की जर्मन, असा वाद कधी कधी घातला जातो. स्वतः त्यांनी डॅनिशमध्ये लिहिले, जर्मनमध्येही लिहिले, आणि भुंग्यांविषयी जे लिहिले ते लॅटिनमध्ये.

१७६२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते कोपनहेगनच्या विद्यापीठात दाखल झाले. परंतु त्याच वर्षी योहान झोएगा या आपल्या मित्रासह स्वीडनमधील उप्साला येथे गेले. तेथे कार्ल लिनियस शिकवीत होते. प्रत्येक प्राण्यास व वनस्पतीस दोन शब्दांचे नाव द्यावे, पहिला शब्द वंशाचा व दुसरा जातीचा, ही पद्धत रूढ करणारे ते हेच लिनियस. आडनाव व नाव यांचीच ही योजना म्हणा ना. १७५८ साली प्रसिद्ध झालेली त्यांच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती ही प्राण्यांच्या नावांची पहिली पायरी मानली जाते.

उप्सालातील त्या दोन वर्षांचे चित्र फार गोड आहे. फाब्रिसियुस, झोएगा आणि अमेरिकेतील फिलाडेल्फियाहून आलेला कून हे तिघे विद्यार्थी हिवाळ्यात गुरूंच्या घरासमोरच राहत. लिनियस आखूड तांबडा अंगरखा, डोक्यास हिरवी लोकरी टोपी आणि हातात चिलीम अशा थाटात जवळजवळ रोज त्यांच्या खोलीवर येत. अर्धा घटका बसतो म्हणत आणि चांगले एक-दोन तास बसत. उन्हाळ्यात सारे बिऱ्हाड खेड्यावर जाई, तेव्हा विद्यार्थीही मागोमाग जात व एखाद्या शेतकऱ्याच्या घरी उतरत. लिनियस पहाटे चारला उठत आणि मुलांना शिकवावयास बसत. रविवारी गुरूंचे कुटुंबच विद्यार्थ्यांकडे येई. कोणी शेतकरी सारंगीसारखे वाद्य घेऊन येई आणि खळ्यातल्या कोठारात सारे जण नाचत. गुरुगृही राहून विद्या संपादन करणे ही केवळ आपल्याकडचीच रीत, असा आमचा जो समज होता तो हे वाचून गळून पडला.

परंतु गुरूवर निस्सीम प्रेम असूनही शिष्याने एका बाबतीत गुरूंची वाट सोडली, आणि तीच त्यांच्या आयुष्यातील मोठी गोष्ट ठरली. लिनियस यांनी कीटकांचे मोठे वर्ग पाडले ते पंखांवरून : पंख किती, ते कसे, कठीण की पातळ. फाब्रिसियुस यांस वाटले की, कीटकाचे जगणे त्याच्या खाण्यावर अवलंबून आहे; तर मग त्याचे नातेगोते त्याच्या तोंडाच्या रचनेत शोधावे. भुंग्यास चावण्याचे जबडे असतात, ढेकणास टोचून शोषण्याची सोंड असते, फुलपाखरास गुंडाळलेली नळी असते. अत्यंत बारीक अशा या अवयवांकडे भिंगातून पाहून, त्यांच्या आकारावरून त्यांनी सगळ्या कीटकसृष्टीची नवी मांडणी आरंभली. १७७५ साली त्यांचा पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

या मांडणीचा आमच्या काडेपेटीशी काय संबंध, ते पाहा. लिनियस यांनी शेणातला भुंगा, माडावरचा गेंड्या भुंगा आणि पाला खाणारे हुमणीसारखे भुंगे या सर्वांस स्कारबियस या एकाच वंशाच्या पोत्यात भरले होते. फाब्रिसियुस यांनी ते पोते सोडले. पाला खाणाऱ्यांसाठी त्यांनी मेलोलोंथा हा वंश वेगळा केला, फुलांवर येणाऱ्या भुंग्यांसाठी सेटोनिया हा केला. अठराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात त्यांनी सेराटा हे नाव दिले ते या मेलोलोंथा वंशातच. पुढे १८३७ मध्ये होप या इंग्रज शास्त्रज्ञाने होलोट्रिकिया हा वंश स्थापिला व कालांतराने आपली हुमणी त्यात गेली. म्हणून फाब्रिसियुस यांचे नाव कंसात आले.

येथे थोडे विषयांतर करितो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. कोकणात आमच्या आजोळी माडांची बाग होती. तेथे गडीमाणसांना दोन भुंगे पक्के ठाऊक : गेंड्या व सोंड्या. गेंड्या माडाच्या शेंड्याचा कोंब कुरतडतो. पुढे झावळी उलगडली की तिच्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. सोंड्याच्या अळ्या खोडाच्या आत राहून ते पोखरतात, आणि बाहेर कळते तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. गेंड्यास तारेच्या आकडीने ओढून काढीत व शेणखताचे उकिरडे उपसून त्याच्या अळ्या वेचीत, कारण तो तेथे वाढतो. सोंड्यास तो उपाय चालत नाही. गेंड्याचे शास्त्रीय नाव लिनियस यांनी १७५८ मध्ये ठेवले, सोंड्याचे फ्रान्समधील ऑलिव्हिए यांनी १७९० मध्ये. आमच्या गड्यांपैकी कोणासही अक्षरओळख नव्हती; पण दोन शत्रूंस दोन नावे आणि दोन उपाय, हे शास्त्र त्यांच्यापाशी होते. उसाच्या बाबतीत आम्ही सर्वांस हुमणी या एकाच नावाने हाका मारीत बसलो, तेथे चुकलो.

फाब्रिसियुस स्वतः आपल्या देशात कधीच आले नाहीत. उष्ण प्रदेशाचा वाराही त्यांस लागला नाही. मग येथील भुंगे त्यांच्यापर्यंत पोचले कसे? तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी, म्हणजे युरोपीय लोकांचे ट्रँकेबार, हे १६२० पासून १८४५ पर्यंत डॅनिश लोकांचे ठाणे होते. तेथे लिनियस यांचेच एक शिष्य क्योनिग हे वैद्य म्हणून आले व वनस्पती आणि प्राणी गोळा करीत राहिले; १७८५ साली या देशातच त्यांचा अंत झाला. पुढे डाल्डोर्फ नावाचा एक डॅनिश लष्करी अधिकारी त्याच ठाण्यावर होता. त्याने पाठविलेले पुष्कळ कीटक फाब्रिसियुस यांच्या हाती आले. हा डाल्डोर्फ मोठा गमतीचा गृहस्थ. १७९१ साली आपण तळ्याकाठच्या ताडाच्या खोडावर चढत असलेला मासा पकडला असे त्याने लिहून ठेवले, आणि त्यावर विद्वानांत वर्षानुवर्षे चर्चा चालली. माशाचे काय असेल ते असो, भुंगे मात्र त्याने खरेच धाडले.

उरलेले कीटक फाब्रिसियुस यांनी लोकांच्या घरी जाऊन पाहिले. उन्हाळा आला की ते लंडनची वाट धरीत. तेथे जोसेफ बँक्स यांच्याकडे कॅप्टन कुक यांच्या पहिल्या जगप्रवासातून आणलेले कीटक होते; विल्यम हंटर या वैद्याचा संग्रह होता; आणि ड्रू ड्रुरी नावाचा एक रुपेरी भांड्यांचा कारागीर जहाजावरच्या माणसांकडून देशोदेशीचे कीटक मागवून ठेवी. या सर्वांच्या पेट्या फाब्रिसियुस यांनी एकेक करून उघडल्या. टाचणीला टोचलेला कीटक भिंगाखाली धरावयाचा, तोंड तपासावयाचे, पूर्वी कोणी वर्णन केले आहे काय ते पाहावयाचे, नसेल तर नाव ठेवावयाचे, दोन ओळी लॅटिनमध्ये लिहावयाच्या आणि पुढचा उचलावयाचा. असे सुमारे चाळीस वर्षे. लिनियस यांनी सुमारे तीन हजार कीटकांस नावे दिली होती, तर फाब्रिसियुस यांच्या नावांची संख्या दहा हजारांच्या घरात जाते. केवळ भुंग्यांवरच १८०१ साली त्यांनी दोन खंड प्रसिद्ध केले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे काम निर्दोष नव्हते. त्यांची वर्णने इतकी त्रोटक आहेत की, पुढच्या अभ्यासकांस तीवरून कीटक ओळखणे पुष्कळदा जमत नाही. ठिकाणाच्या जागी तर अनेक वेळा केवळ पूर्वेकडील हिंदुस्थान एवढेच लिहिलेले असते. आपल्या देशाएवढ्या मुलखात भुंग्याचा पत्ता एवढाच! सह्याद्रीच्या रानातला की कावेरीच्या मुखाजवळचा, हे वाचकाने ओळखावयाचे. म्हणूनच शंका आली की विद्वानांस कोपनहेगन, लंडन व ग्लासगो येथील संग्रहालयांत जाऊन त्यांनी पाहिलेला मूळ कीटकच पुन्हा पाहावा लागतो. तोंडावरून पाडलेले त्यांचे मोठे वर्गही टिकले नाहीत. भुंग्यांचा वर्ग आज लिनियस यांच्याच पंखांवरच्या नावाने ओळखला जातो. टिकले ते त्यांचे वंश आणि जाती, आणि सूक्ष्म अवयव पाहिल्याखेरीज निवाडा करू नये ही सवय. हुमणीची अळी कोणत्या जातीची हे तज्ज्ञ आजही तिच्या पोटाच्या मागच्या टोकावरील केसांच्या मांडणीवरून ठरवितात. रंगाने व आकाराने त्या सर्व सारख्याच : पांढऱ्या, गुबगुबीत, डोके तपकिरी, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस आश्चर्य वाटेल अशी गोष्ट ही की, फाब्रिसियुस यांचा पोटापाण्याचा विषय कीटक हा नव्हताच. १७७५ पासून ते कील विद्यापीठात प्राध्यापक होते ते निसर्गविज्ञानाबरोबरच अर्थशास्त्राचे. राज्याचे उत्पन्न, लोकसंख्या, शेती, धान्याची टंचाई या विषयांवर ते शिकवीत व लिहीत. १७७४ साली त्यांनी पिकांच्या रोगांवर डॅनिशमध्ये एक प्रबंध लिहिला. रोगट झाडावर जी बुरशी दिसते ती रोगामुळे उपजलेली घाण नसून स्वतंत्र सजीव वस्तू असावी, असा विचार त्यांनी त्यात मांडला. त्या काळी तो विचार फारसा कोणाच्या पचनी पडण्याजोगा नव्हता. शेतकऱ्याचे नुकसान कोण करतो हे आधी ठरवावे, मग उपायाकडे वळावे, असे ज्याच्या अर्थशास्त्राने त्यास शिकविले, तो भुंग्यांच्या नावांत आयुष्य का घालवील हे आम्हांस या प्रबंधाविषयी वाचल्यावर कळले. १७७८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पुस्तक कीटकशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक समजले जाते.

घरच्या आयुष्याविषयी थोडेच सांगता येते. पत्नीचे नाव आना सेसिलिया आम्ब्रोसियुस. दोन मुलगे झाले, ते दोघेही वैद्यक शिकले. एक मुलगी होती. तिचा पॅरिसमध्ये अपघातात मृत्यू झाला. आश्चर्य असे की त्याच पॅरिसमध्ये फाब्रिसियुस आयुष्याच्या उत्तरार्धात वर्षातील कित्येक महिने राहत. क्युव्हिए, लात्रेई यांच्यासारखे प्राणिशास्त्रज्ञ तेथे होते आणि त्यांच्याशी रोज बोलणे होई. मुलगी जेथे गमावली त्या शहरात पाऊल टाकणे बापास किती जड जात असेल, याची कल्पना आमच्या वाचकांनीच करावी.

१८०७ च्या सप्टेंबरात इंग्रजी आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्या. शहराचा मोठा भाग जळाला. फाब्रिसियुस त्या वेळी पॅरिसमध्ये होते. ज्या लंडनमध्ये त्यांनी इतके उन्हाळे काढले, जेथील घरांची दारे त्यांच्यासाठी उघडी असत, त्याच देशाच्या तोफांनी आपली राजधानी जाळली, ही वार्ता त्यांस सहन झाली नाही. ते कीलला परतले. प्रकृती खालावलेलीच होती. ३ मार्च १८०८ रोजी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्या मुलाच्या वडिलांस आम्ही निरोप पाठविला. नदीकाठी कडुनिंब झोडपीत न बसता उसाची लागण करण्यापूर्वी खोल नांगरट करावी, नांगरामागून उघड्या पडणाऱ्या अळ्या मजुरांकडून वेचून घ्याव्यात, कावळ्या-बगळ्यांस हाकलू नये, आणि तिन्हीसांजेस भुंगे जमिनीतून निघतील तेव्हाच शेतातल्या शेतात गोळा करावेत. त्यांनी ते केले. ऊस सगळाच वाचला असे नाही. ऑगस्टनंतर अळी मोठी झाली की मुळांवर जो घाला घालते तो कोठे कोठे झालाच, आणि काही बेटे हाताने ओढताच उपटून आली. पण यंदा पहिल्या पावसाच्या संध्याकाळी बापलेक दोघेही कंदील व बादली घेऊन थेट मळ्यात गेले, झाडाकडे फिरकले नाहीत.

काडेपेटीतील तिसऱ्या, शेणाखालच्या लहान काळ्या भुंग्याचे नाव आम्हांस अजून लागलेले नाही. त्यास टाचणी टोचून शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात ठेवले आहे. खाली चिठ्ठी लावली आहे, आणि तीवर गाव, शेत, तारीख व कोठे सापडला ते त्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे.